कूर्चेतलं प्रथिन, आप्पांची टाच आणि रक्ताची एक तपासणी

डॉक्टर, नमस्कार. मी सोलापुरात अशोक चौकाजवळच्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब लिहितो. माझे वडील, आप्पा, ६४ वर्षांचे. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या, यात्रेत ते दरवर्षी नंदीध्वजांबरोबर अनवाणी चालतात. उजव्या टाचेवर काळा डाग आला, आम्ही कुरूप समजलो. मेडिकलमधून कुरूपाच्या पट्ट्या आणून लावल्या, ब्लेडने खरवडलंही. डाग वाढून त्यातून पाणी यायला लागलं तेव्हा बायोप्सी केली, मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतल्या रंगपेशींचा कर्करोग, निघाला. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं, टाचेवर मांडीची कातडी लावली. रिपोर्टमध्ये जाडी २.४ मिलिमीटर, व्रण (गाठीवर फुटलेली जखम) नाही, कापलेल्या भागाच्या कडा मोकळ्या, जांघेतली तपासलेली लसिकागाठ (टाचेचा आजार पसरला तर बहुधा आधी पोचतो ती) स्वच्छ.

आता घोळ असा, की पुण्यात बायोटेक शिकणारा भाचा म्हणतो, मेलॅनोमाच्या पेशी एमआयए नावाचं एक प्रोटीन बाहेर टाकतात आणि तेच गुडघ्याच्या कूर्चेतही, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीतही, असतं. आप्पांचे गुडघे झिजलेत, वर्षभर कूर्चेसाठी कोलेजन पावडर चालू आहे. म्हणजे आम्हीच आजाराला खायला घातलं का? मेव्हणा उलटं सांगतो. त्या प्रोटीनच्या नावातच मेलॅनोमा रोखणारं असं लिहिलंय, तर कूर्चा जास्त द्या, म्हणून त्याने शार्कच्या कूर्चेच्या कॅप्सूल आणल्यात. भाच्याला आणखी एक सापडलंय, की अ जीवनसत्त्वाने हे प्रोटीन कमी होतं. आप्पांची एमआयएची रक्ततपासणी बाहेरून करून घ्यावी का? आणि माझ्या ११ वर्षांच्या मुलीचीही? काय करू, सांगा.
— एक वाचक, सोलापूर

नमस्कार.

तुमचं पत्र लांब होतं, छापताना थोडं कापलं आहे. उत्तरं आधी देऊन टाकते, म्हणजे आज रात्री झोप लागेल. कोलेजन पावडरीने आप्पांचा मेलॅनोमा झाला नाही, वाढलाही नाही. शार्कच्या कॅप्सूल मेव्हण्यांना परत द्या. अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घरात आणूच नका. एमआयएची तपासणी आप्पांची नको आणि मुलीची तर मुळीच नको. आता कारणं सांगते, कारण भाचा हुशार दिसतो आणि नुसतं 'नको' म्हटलेलं त्याला पटणार नाही.

त्याने वाचलेलं खोटं नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटी जर्मनीतले संशोधक मेलॅनोमाच्या पेशी काचेच्या भांड्यात वाढवत होते. त्या पेशी ज्या द्रवात वाढत होत्या, त्यात असं काहीतरी सापडलं की ते पुन्हा त्याच पेशींवर टाकलं तर त्यांची वाढ मंदावायची. १९८९ मध्ये हे प्रसिद्ध झालं, १९९४ मध्ये त्या पदार्थाचा जनुक हाती लागला, आणि नाव पडलं 'मेलॅनोमा इनहिबिटरी ॲक्टिव्हिटी', म्हणजे एमआयए. मेलॅनोमावरचं औषध पेशींनीच बनवून दिलं, अशी आशा तेव्हा अनेकांना वाटली. मेव्हणे अजून त्या आशेतच अडकलेत.

पुढच्या काही वर्षांत चित्र पालटलं. निरोगी त्वचेतल्या रंगपेशी हे प्रथिन बनवत नाहीत, मेलॅनोमाच्या पेशी मात्र भरपूर बनवतात. आणि ज्या पेशी जास्त बनवतात, त्या प्राण्यांच्या शरीरात जास्त दूरवर पसरतात. मग भांड्यात वाढ का मंदावत होती? पेशीला वाढायला तळाला चिकटून राहावं लागतं. एमआयए पेशीच्या पृष्ठभागावरच्या इंटिग्रिन नावाच्या पकडींना आणि बाहेरच्या फायब्रोनेक्टिनसारख्या प्रथिनांना जाऊन बिलगतं, त्यामुळे पेशीची पकड सुटते. भांड्यात पकड सुटली की वाढ थांबल्यासारखी दिसते. शरीरात मात्र पकड सुटलेली पेशी तिथेच बसून राहत नाही, ती पुढे सरकते. सरकणारी मेलॅनोमाची पेशी हे प्रथिन मुख्यतः आपल्या मागच्या टोकाकडून सोडते, म्हणजे मागचा पाय उचलायला जिथे गरज तिथेच. दोन एमआयए रेणू जोडीने एकत्र आले तरच हे काम होतं, म्हणून ती जोडी फोडणारी औषधं शोधायचे प्रयत्न प्रयोगशाळेत झाले आहेत. दवाखान्यात वापरायचं असं औषध अजून नाही. तर जुन्या नावावर विसंबून 'जास्त द्या' म्हणणं बरोबर उलट्या दिशेचं आहे. आणि ते तोंडावाटे दिलं तरी काही होणार नाही, त्याकडे येतेच.

आता कूर्चेकडे. जर्मनीतलं काम चालू होतं त्याच सुमाराला अमेरिकेत लिंडा सँडेल यांच्या प्रयोगशाळेत कूर्चेच्या पेशी कशा वाढतात याचा अभ्यास सुरू होता. गुरांच्या कूर्चेतल्या पेशींवर रेटिनॉइक आम्ल टाकलं, म्हणजे अ जीवनसत्त्वापासून शरीरात बनणारा पदार्थ, की कोणते जनुक बंद होतात, हे ते बघत होते. १९९६ मध्ये त्यांनी असा एक जनुक जाहीर केला. त्याचं प्रथिन आणि मेलॅनोमातलं एमआयए एकच निघालं. दोन टोकांनी खणणाऱ्या दोन गटांना एकच वस्तू सापडावी, हे विज्ञानात अधूनमधून घडतं, आणि दरवेळी थोडी गंमत वाटतेच.

गर्भात हातापायांची हाडं सुरुवातीला हाडं नसतात. मऊ पेशी एका जागी दाटतात, कूर्चा बनवतात, आणि मग त्या कूर्चेच्या साच्यावर हाड घडतं. एमआयए या सगळ्या काळात कूर्चेत दिसतं, जन्मानंतर वाढीच्या पट्टीत (जिथून हाडाची लांबी वाढते) आणि सांध्याच्या कूर्चेतही. कूर्चेच्या जनुकांचा मुकादम म्हणजे सॉक्स-९ हे प्रथिन, तेच एमआयएचा जनुकही चालू करतं. मग हे प्रथिन नसेल तर सांगाडाच घडणार नाही का? २००२ मध्ये हा जनुक काढून टाकलेल्या उंदरांवरचा अभ्यास आला. उंदीर जन्मले, चालले, पिल्लंही झाली. साध्या डोळ्याला आणि नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाखाली कूर्चा ठीक दिसत होती. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र कोलेजनचे धागे नीट लागलेले नव्हते, त्यांची जाडी आणि अंतरं बिघडलेली होती. तुमच्या कारखान्यात ठाण भरलेलं असावं, लांबी-रुंदी बरोबर, पण भिंग लावल्यावर ताण्याचे धागे कुठे दाट कुठे विरळ दिसावेत, तसं काहीसं. म्हणजे एमआयए कूर्चा उभी करणारा एकटा कारागीर नाही. ते मांडणी नीट लावायला मदत करतं.

एकच प्रथिन दोन ठिकाणी असलं म्हणजे एका ठिकाणचा आजार दुसरीकडे जातो, असं नाही. शरीर आपली मोजकी प्रथिनं ठिकठिकाणी वापरत असतं. आम्हा पॅथॉलॉजीवाल्यांना हे नवं नाही. आप्पांच्या रिपोर्टमध्ये 'एस-१०० पॉझिटिव्ह' असं लिहिलेलं असेल, बघा. मेलॅनोमा ओळखायला आम्ही जी रंगद्रव्यं वापरतो, त्यातलं हे जुनं. आणि तेच एस-१०० नसांच्या आवरणातल्या पेशींना आणि कूर्चेतल्या पेशींनाही लागतं! म्हणूनच नुसत्या त्याच्यावर आम्ही निदान करत नाही. मेलॅन-ए, एचएमबी-४५, सॉक्स-१० असे आणखी दोन-तीन लावतो. क्वचित कधी मेलॅनोमाच्या गाठीतच कूर्चेसारखा किंवा हाडासारखा भाग दिसतो, विशेषतः नखाखालच्या गाठीत. तेव्हा भाच्याला पडलेलं कोडं खरंच आहे, आणि त्याचा प्रबंध त्यावर व्हायला माझी हरकत नाही. आप्पांच्या उपचारात मात्र त्याने काही फरक पडत नाही. गुडघे झिजल्याने मेलॅनोमा होत नाही आणि मेलॅनोमाने गुडघे झिजत नाहीत. सोलापुरात ६४ वर्षांच्या माणसाचे गुडघे कुरकुरतात, एवढंच ते.

आता पावडर. कोलेजन पोटात गेलं की पचून त्याची अमिनो आम्लं आणि लहान तुकडे होतात. डाळीच्या आमटीचंही तेच होतं. त्यातला तुकडा सरळ गुडघ्यात जाऊन बसत नाही, तसाच तो टाचेतही गेला नाही. आणि कोलेजन म्हणजे एमआयए नव्हे, ही दोन निराळी प्रथिनं. तेव्हा 'आम्हीच खायला घातलं' हे मनातून काढून टाका. पावडर बंद करा असं मी म्हणेन, पण ते पैशासाठी. गुडघ्याला तिचा फायदा झाला तरी थोडका. त्याच पैशात आप्पांना एखाद्या फिजिओथेरपिस्टकडून मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम शिकवा. ते रोज केले आणि वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरवलं, तर गुडघ्याला जे मिळेल ते कुठल्याही डब्यात नाही.

शार्कच्या कॅप्सूलचा इतिहास जरा मजेशीर आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. गाठीला वाढायला मात्र रक्तवाहिन्या लागतात. म्हणून १९७० च्या दशकात ज्यूडा फोकमन यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी कूर्चेत रक्तवाहिन्या रोखणारं काही आहे का, हे तपासलं. इथवर सगळं रीतसर. मग बाजाराने त्यातून 'शार्कला कॅन्सर होत नाही' अशी आवई उठवली. शार्कला कॅन्सर होतो, नोंदी आहेत. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांवर शार्कच्या कूर्चेच्या अर्काची मोठी चाचणी झाली, आणि तो घेणारे न घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले नाहीत. मेव्हण्यांचा हेतू चांगला असेल. डबा तरीही परत.

अ जीवनसत्त्वाबद्दल मात्र मी कडक बोलणार. रेटिनॉइक आम्लाने भांड्यातल्या कूर्चेच्या पेशींमध्ये एमआयए कमी होतं, हे खरं. पण भांड्यात जी मात्रा पेशीला मिळते ती माणसाला गोळ्यांनी द्यायची तर यकृत आधी बिघडेल. जास्त झालेलं अ जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठत राहतं. गाजर, पालक, अंबाडी, शेवग्याचा पाला हवा तेवढा खा.

आता तपासणी. मेलॅनोमा शरीरात पसरला की रक्तातलं एमआयए बऱ्याचदा वाढलेलं दिसतं, हे १९९७ पासून माहीत आहे. काही युरोपीय केंद्रांनी रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी ते वापरलं, तसंच एस-१०० बीही वापरतात. अडचण अशी, की आजार एका जागी असताना, म्हणजे जेव्हा कळून उपयोग असतो तेव्हा, ते बहुतेकांत वाढलेलं नसतं. मग 'नॉर्मल' आलं म्हणून तुम्ही निर्धास्त होणार आणि जांघ तपासायची राहून जाणार. उलट बाजूने, मेलॅनोमा नसतानाही ते वाढतं: सांधे खाऊन टाकणाऱ्या संधिवातात, गरोदरपणाच्या शेवटी, आणि वाढत्या वयाच्या मुलांत. मुलांच्या वाढीच्या पट्ट्यांतली कूर्चा रात्रंदिवस कामात असते. तुमच्या ११ वर्षांच्या लेकीचं एमआयए मोठ्या माणसासाठी ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त आलं, तर त्याचा अर्थ ती उंच होतेय. कागदावर लाल अक्षर दिसल्यावर तुमच्या घरात काय होईल, ते मला इथे बसून दिसतंय. सुई टोचू नका तिला. तळपायावरचा मेलॅनोमा घराण्यात चालत येतो असं सहसा दिसत नाही, त्यामुळे तिच्यासाठी वेगळं काही करायची गरज नाही.

रक्ताऐवजी बोटांनी काय तपासायचं, ते सांगते. यात तुमच्या वेळेचा खरा उपयोग आहे. महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, पगार होतो त्या दिवशी म्हणा हवं तर, आप्पांना आंघोळीनंतर उजेडात पाठीवर झोपवा. उजवा गुडघा थोडा वाकवा, म्हणजे जांघ सैल पडते. बोटांची टोकं सपाट ठेवून जांघेच्या घडीच्या खाली आणि वर, आडवी, हळू फिरवा. अनवाणी चालणाऱ्या माणसाला जांघेत लहान, मऊ, बोटाखाली सरकणाऱ्या गाठी बहुधा असतातच, वर्षानुवर्षांच्या भेगा-काट्यांच्या त्या खुणा. पहिल्या वेळी जे लागेल ते डॉक्टरांसमोर तपासून, लिहून ठेवा. पुढे जी नवी येईल, वाढेल, कडक लागेल, जागची हलणार नाही, ती दाखवायची, त्याच आठवड्यात. मग गुडघ्याच्या मागचा खळगा. टाचेकडून येणाऱ्या लसिकेचा निचरा काही वेळा तिथल्या गाठींत होतो आणि ही जागा सगळेच विसरतात. मग टाचेवरच्या ऑपरेशनच्या खुणेपासून पोटरी, मांडी, वरपर्यंत कातडीवर हात फिरवा: काळा ठिपका किंवा कातडीच्याच रंगाचा दाणा, आत रुतलेल्या खड्यासारखा लागणारा. शेवटी दोन्ही तळपाय, बोटांच्या बेचक्या, हाताचे पंजे आणि वीसही नखं. एकाच नखात नवी काळी उभी रेघ आली, ती रुंद होत चालली किंवा काळेपणा नखाच्या मुळाकडच्या कातडीत उतरला, तर दाखवा. सावळ्या माणसांच्या बऱ्याच नखांत फिकट रेघा असतात, त्यांना घाबरू नका.

तळपायावर नवा डाग दिसला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा आणि डर्मोस्कोप, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणारं दिव्याचं भिंग, लावायला सांगा. तळव्याच्या कातडीवर उंचवटे आणि खाचा असतात, बोटांच्या ठशासारख्याच. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांमधून धावतो, मेलॅनोमाचा उंचवट्यांवर. जपानी त्वचातज्ज्ञांनी हे बारकाईने मांडलं, कारण त्यांच्याकडेही मेलॅनोमा तळपायालाच जास्त दिसतो. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कुरूपाच्या पट्टीखाली झाकून गेलेली कितीतरी वर्षं त्यात वाचतात.

सोलापूरच्या उन्हाला दोष देऊ नका, तुम्ही मूळ पत्रात, इथे कापलेल्या भागात, दोनदा दिला आहे. ४३ अंशांत टाच चपलेखाली किंवा जमिनीवर असते, तिला ऊन लागत नाही. गोऱ्या लोकांचा मेलॅनोमा उन्हाशी जोडलेला आहे, आपल्याकडचा तळवे-तळपाय-नखांचा नाही. पायावर जिथे भार पडतो तिथे तो अधिक दिसतो असं काही अभ्यासांत आलंय, पण यात्रेत अनवाणी चालल्याने झाला, असं कोणी सांगत असेल तर ते सोडून द्या. यात्रेला हजारो पाय अनवाणी चालतात.

यंदा आप्पांनी मात्र अनवाणी चालायचं नाही. टाचेवर मांडीची कातडी लावली आहे. तिला टाचेच्या मूळ कातडीची जाडी नाही आणि संवेदना जवळपास नाही. खडा रुतला, डांबर तापलं, तर त्यांना कळणारच नाही, आणि तिथे झालेली जखम महिनोन्महिने भरत नाही. मऊ तळाचा बूट, आत सिलिकॉनची टाच, आणि पूर्ण अडुसष्ट लिंगांचा मार्ग नको, थोडं अंतर पुरे. सिद्धरामेश्वर समजून घेतील. आप्पा ऐकणार नाहीत, तर त्यांच्या सर्जनकडून हे त्यांच्या तोंडावर सांगून घ्या. मुलाचं ऐकत नाहीत, पांढऱ्या कोटाचं ऐकतात.

तुमच्या कागदांवरून हा दुसऱ्या टप्प्याचा, त्यातही सुरुवातीच्या भागातला, आजार आहे. जाडी मिलिमीटरमध्ये मोजण्याची पद्धत १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी घातली, आणि आजही पुढे काय होईल याचा अंदाज घ्यायला तिच्याइतकं कामाचं दुसरं फारसं काही नाही. २.४ ही जाडी हसण्यावारी नेण्याची नाही, पण व्रण नसणं आणि जांघेतली गाठ स्वच्छ असणं या दोन फार चांगल्या गोष्टी आहेत. सुरुवातीच्या वर्षांत साधारण तीन ते सहा महिन्यांनी तपासायला बोलावतील, तारखा सर्जन ठरवतील. एकही चुकवू नका. उद्या लागलंच तर औषधं आहेत: आपल्याच प्रतिकारशक्तीला मोकळं करणारी इम्युनोथेरपी, ज्यासाठी जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं. आज आप्पांना तिची गरज दिसत नाही, आणि ती महागही आहे, म्हणून आत्ताच इंटरनेटवर किमती बघत बसू नका.

पाठपुराव्यासाठी दरवेळी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. सिव्हिलमध्ये सर्जरी आणि त्वचारोग दोन्ही विभाग आहेत. बार्शीचं कर्करोग रुग्णालय तुमच्यापासून ७० किलोमीटरवर. ग्रामीण भागातल्या कर्करोगाची नोंद ठेवण्याचं काम १९८७ पासून बार्शीत चालू आहे, हे सोलापूरकरांना माहीत नसतं म्हणून सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.

आणि एक काम या आठवड्यातच उरका. ज्या लॅबने बायोप्सी आणि ऑपरेशननंतरची तपासणी केली, तिथून मेणाचे ठोकळे आणि काचा लेखी अर्ज देऊन मागून घ्या. त्यांना ब्लॉक आणि स्लाइड म्हणतात. लॅब त्या ठराविक काळच ठेवते. पुढे कधी, कोणतं औषध लागू पडेल हे ठरवायला, बीआरएएफ किंवा किट जनुकाची तपासणी करायची वेळ आली, तर ती त्याच ठोकळ्यावर होते, नव्याने काही कापावं लागत नाही. घरी आणल्यावर उन्हात किंवा पत्र्याच्या कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवू नका, सोलापूरच्या मे महिन्यात मेण मऊ पडतं. थंड, कोरड्या जागी डब्यात ठेवा, वर आप्पांचं नाव आणि तपासणीचा क्रमांक लिहा, आणि तो क्रमांक भाच्याच्याही फोनमध्ये असू द्या.